फोन लावायचा हक्क

लिनक्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. हेलसिंकीत लिनस टॉर्वाल्ड्सला मॉडेमवरून युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा होता. युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक उपकरण म्हणजे एक फाइलच. मॉडेमची एक, हार्ड डिस्कची एक. लिनसने चुकून डिस्कची फाइल दिली. झालं! 'एटीडीटी' ही डायल करायची आज्ञा आणि पुढे युनिव्हर्सिटीचा नंबर, हे सगळं डिस्कच्या पहिल्याच भागावर लिहिलं गेलं, जिथून कॉम्प्युटर सुरू होतो तिथे. त्याचा मित्र लार्स विर्झेनियस ही आठवण सांगतो आणि म्हणतो, परवानगी तपासायची सोय लिनक्समध्ये बहुधा दुसऱ्याच दिवशी आली.

पुढे त्याच सोयीत डायल-अप अडकलं. इंटरनेट जोडायचं तर नुसता फोन लावून भागत नाही. मशीनवर नवं नेटवर्क उभं करावं लागतं, डेटाची वाट बदलावी लागते, आणि हा बदल मशीन वापरणाऱ्या सगळ्यांना लागू होतो. म्हणून तो अधिकार फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी यूजरला. पण घरात कॉम्प्युटर एक आणि माणसं चार. बहिणीला मेल बघायचाय, तर तिला रूटचा पासवर्ड द्यायचा? (अनेकांनी दिलाच असणार. काही जण तर कायम रूट म्हणूनच बसत असणार, ते त्याहून वाईट.) बरं, सगळ्यांना मोकळं सोडावं तर प्रत्येक कॉलला पैसे. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा इंटरनेटचे पैसे वेगळे आणि टेलिफोनचं बिल वेगळं.

रेड हॅटमध्ये सेटिंगच्या फाइलीत 'यूजरसीटीएल'समोर 'यस' लिहिलं की साधा यूजरही जोडणी चालू-बंद करू शकायचा. मला डेबियनचा मार्ग जास्त आवडतो. जोडणी करणारा प्रोग्राम, पीपीपीडी, 'सेटयूआयडी' असतो: चालवणारा कोणीही असो, तो चालतो रूटच्या अधिकाराने. (ही युक्ती डेनिस रिचीची. १९७९मध्ये तिला पेटंटही मिळालं.) मात्र तो चालवू शकतात फक्त 'डिप' नावाच्या गटातले यूजर. बहिणीला त्या गटात टाकायचं. तिने 'पॉन' टाइप केलं की फोन लागणार, 'पॉफ' केलं की तुटणार. नंबर कोणता आणि अटी कोणत्या, हे रूटने लिहून ठेवलेल्या फाइलीत. इंटरनेट कंपनीचा पासवर्ड ज्या फाइलीत, ती बहिणीला वाचताच येत नाही. तरी तिची जोडणी होते ती त्याच पासवर्डने! वापरायचा, पण बघायचा नाही.

तुम्ही हे अँड्रॉइडवर वाचत असाल तर त्याच्या पोटातही लिनक्सच आहे. तिथे प्रत्येक अ‍ॅप हा स्वतंत्र यूजर. अ‍ॅपला इंटरनेट द्यायचं म्हणजे त्याला 'आयनेट' नावाच्या गटात टाकायचं, गट क्रमांक ३००३. बरीच वर्षं हे असंच चालायचं. फरक इतकाच, की कॅमेऱ्यासाठी आणि लोकेशनसाठी फोन तुम्हाला विचारतो. इंटरनेटची परवानगी अ‍ॅप मागतं आणि इन्स्टॉल होतानाच ती त्याला मिळून जाते. तुम्हाला कोणी विचारत नाही.