प्रमाणपत्र आणि पदवी : केंब्रिज व ऑक्सफर्ड येथील एक जुना वाद

जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळींच्या हातीं सनदा, महजर व पोथ्या यांच्याबरोबर आतां विद्यापीठांचीं प्रमाणपत्रें व पदवीपत्रेंही येऊं लागलीं आहेत. सनदेवरील शिक्का-मोर्तब आपण ज्या काटेकोरपणें तपासतों, त्या काटेकोरपणें हे कागद मात्र वाचले जात नाहींत, असें आम्हांस वाटतें. ‘परीक्षा उतरल्या’ व ‘पदवीधर झाल्या’ हीं दोन विधानें चरित्रलेखक एकाच अर्थानें लिहितात. पुष्कळ ठिकाणीं त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु केंब्रिज व ऑक्सफर्ड येथें शिकलेल्या स्त्रियांच्या बाबतींत या दोन गोष्टींमध्यें कित्येक वर्षांचें, कधीं सबंध आयुष्याचें अंतर पडलेलें आहे. म्हणून या विषयाचा खुलासा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांविषयीं. संस्कृतांत ‘पदवी’ म्हणजे वाट. त्यावरून पुढें स्थान, अधिकार असा अर्थ आला. लॅटिनमधील ज्या शब्दावरून इंग्रजांचा पदवीवाचक शब्द निघाला, त्याचाही अर्थ पायरी असाच आहे. उलट ‘प्रमाण’ म्हणजे यथार्थ ज्ञानाचें साधन. सारांश, प्रमाणपत्र सांगतें कीं अमक्यास अमुक विद्या येते. पदवी सांगते कीं अमका आतां आमच्या मंडळींत आला. केंब्रिज येथें पदवीदानाच्या वेळीं उमेदवार गुडघे टेकून आपले जोडलेले हात कुलगुरूंच्या हातांत देतो. हा विधि विद्वत्तेचा नसून सभासदत्वाचा आहे. पुढें एम्. ए. झालेल्या सभासदास सीनेटमध्यें मत असे आणि विद्यापीठाचा कारभार त्या मतांवर चाले. वादाचें मूळ या मतांत होतें, विद्येंत नव्हतें.

गर्टन कॉलेज १८६९ मध्यें हिचिन या गांवीं निघालें व १८७३ मध्यें केंब्रिजनजीक गर्टन येथें गेलें. न्यूनमचा आरंभ १८७१ चा. तेथील विद्यार्थिनींच्या उत्तरपत्रिका परीक्षक प्रथम केवळ सौजन्य म्हणून तपाशीत. १८८० मध्यें गर्टनच्या शार्लट अँगस स्कॉट यांची योग्यता गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत आठव्या रँग्लराइतकी ठरली. यादी वाचतांना आठव्या रँग्लराचें नांव उच्चारण्याची वेळ आली तेव्हां जमलेल्या तरुणांनीं ‘गर्टनची स्कॉट’ असा एकच घोष केला. त्या गलबल्याचा परिणाम असा झाला कीं, दुसऱ्याच वर्षीं, १८८१ च्या फेब्रुवारींत, सीनेटनें ठराव करून या परीक्षा स्त्रियांस रीतसर खुल्या केल्या. राहण्याची मुदत पुरुषांइतकीच व प्रश्नपत्रिका त्याच. उत्तीर्ण झाल्यावर वर्ग व क्रम दाखविणारें प्रमाणपत्र मिळे; पदवी मात्र नाहीं.

अशा प्रमाणपत्राची बाजारांतील किंमत काय होती, हें स्कॉट यांच्याच वर्तनावरून दिसतें. लंडन विद्यापीठानेंही स्त्रियांस आरंभीं निराळी परीक्षा व तिचें प्रमाणपत्र एवढेंच दिलें होतें; परंतु १८७८ मध्यें त्यानें पदव्या खुल्या केल्या. केंब्रिजचें प्रमाणपत्र हातीं असतांना या बाईंनीं लंडनची बी. एस्सी. १८८२ मध्यें व डी. एस्सी. १८८५ मध्यें मिळविली, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील ब्रिन मॉर कॉलेजांत गणिताचें अध्यापन पत्करलें. कीर्ति केंब्रिजची अधिक, पण अक्षरें लंडनचीं, असा हा व्यवहार होता.

‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रास रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळें घरगुती झाला. १८९९ मध्यें ते सीनियर रँग्लर झाले व पदवी घेऊन आले. त्यापूर्वीं नऊ वर्षें, १८९० मध्यें, फिलिपा फॉसेट यांचें नांव ‘सीनियर रँग्लराच्या वर’ म्हणून वाचलें गेलें होतें. यांचे वडील हेन्री फॉसेट म्हणजे पार्लमेंटांत ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणून गाजलेले अंध गृहस्थ. कोंकणांतील मुर्डीच्या मुलास जें मिळालें, तें इंग्लंडच्या एका माजी पोस्टमास्तर-जनरलच्या मुलीस मिळालें नाहीं. जित-जेत्यांचा भेद ज्या काळीं सर्वत्र बोकाळला होता, त्या काळांतील ही गोष्ट असल्यामुळें ती आम्हांस विशेष नोंदण्याजोगी वाटते.

१८९७ मध्यें पदवीचा ठराव सीनेटपुढें आला असतां गांवोगांवचे जुने एम्. ए. आगगाडीनें मत देण्यास लोटले आणि ठराव मोठ्या बहुमतानें फेटाळला गेला. मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजानें वाट दिली. १९०४ ते १९०७ या अवधींत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सुमारें ७०० स्त्रिया आगबोटीनें आयर्लंडास जाऊन तेथील पदव्या घेऊन आल्या. एखाद्या कागदावर ‘एम्. ए., डब्लिन’ असें दिसलें म्हणजे ती बाई तेथें शिकली असें समजूं नये. पुष्कळदां ती तेथें एक-दोन दिवसच राहिलेली असते.

१९१८ मध्यें पार्लमेंटनें मताधिकाराचा कायदा केला, त्यांत विद्यापीठांच्या मतदारसंघापुरतें या प्रमाणपत्रास पदवीच्या बरोबरीचें मानून तीस वर्षांवरील स्त्रियांस मत दिलें. राज्यानें जें मानलें तें विद्यापीठानें मात्र मानलें नाहीं. १९२१ मध्यें केंब्रिजनें पूर्ण सभासदत्व पुन्हा नाकारून पदवीचें केवळ नांव देऊं केलें. त्या विजयाच्या भरांत विद्यार्थ्यांच्या जमावानें हातगाडीच्या धडका देऊन न्यूनमच्या ब्राँझच्या दरवाजाची नासधूस केली. प्राचीन वस्तूंच्या अभ्यासकांस याहून जवळचें उदाहरण डोरोथी गॅरड यांचें. कार्मेल पर्वतांतील गुहांचें उत्खनन करणाऱ्या या विदुषी १९३९ मध्यें केंब्रिजच्या पुरातत्त्वाच्या डिझ्नी अध्यासनावर निवडल्या गेल्या. प्राध्यापक झाल्या, तरी विद्यापीठाच्या पूर्ण सभासद नव्हत्या! तें सभासदत्व स्त्रियांस १९४८ मध्यें मिळालें.

आतां आमच्या प्रांताशीं थेट संबंध असलेलें प्रकरण. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्यें नाशिक येथला. मुंबई विद्यापीठानें १८८३ मध्येंच आपल्या पदव्या स्त्रियांस खुल्या केल्या होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. पुरुष असत्या तर मिळाली असती अशी विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति त्यांस नाकारली गेली. तेव्हां तिकडील हितचिंतकांनीं पैसा जमविला व १८८९ मध्यें त्या ऑक्सफर्ड येथें सॉमरव्हिलमध्यें दाखल झाल्या. १८९२ मध्यें खास परवानगीनें त्या बी. सी. एल्. या कायद्याच्या परीक्षेस बसल्या व उतरल्या. पदवी मिळाली नाहीं. ऑक्सफर्डनें १९२० मध्यें नियम बदलला आणि त्यांस ती पदवी १९२२ मध्यें, म्हणजे वयाच्या छपन्नाव्या वर्षाच्या सुमारास दिली. दरम्यान परत आल्यावर त्यांनीं मुंबईची एलएल्. बी. परीक्षा १८९७ मध्यें दिली व १८९९ मध्यें अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरी कोर्टांत उभें राहण्याचा हक्क कायदा बदलेपर्यंत मिळाला नाहीं. ‘१८९२ सालीं ऑक्सफर्डची पदवी घेतली’ असें लिहिणारा लेखक या तीस वर्षांस एका ओळींत पुसून टाकतो. अशा नोंदी दुरुस्त झाल्या पाहिजेत.

याच्या नेमकें उलट उदाहरण आपल्याकडेच आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ मध्यें पुण्यास स्त्रियांचें विद्यापीठ काढलें आणि पदव्यांस ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ अशीं नांवें दिलीं. जिनें आगम म्हणजे विद्या ग्रहण केली ती पहिली, व जी ती देण्यास समर्थ झाली ती दुसरी. रचना मोठी मार्मिक आहे. मात्र या विद्यापीठास कायद्याची मान्यता १९४९ च्या कायद्यानें लाभून ती अंमलांत येण्यास १९५१ साल उजाडलें. म्हणजे तोंपर्यंत पदवी होती, पाठीशीं सरकारी कायदा नव्हता. आणि तिकडे केंब्रिजला जगन्मान्य परीक्षा होती, पण पदवी नव्हती.

संग्राहकांनीं म्हणून कागदावरील तीन गोष्टी टिपून ठेवाव्या : परीक्षेचें साल, पदवीदानाचें साल, व पदवी देणारें विद्यापीठ. ऑक्सफर्डच्या स्त्रीच्या नांवापुढें १९२० पूर्वींच्या मूळ कागदावर, किंवा केंब्रिजच्या स्त्रीच्या नांवापुढें १९२१ पूर्वींच्या कागदावर, त्या त्या विद्यापीठाची बी. ए. आढळली, तर तीं अक्षरें मागाहून घातलेलीं आहेत काय, हें प्रथम शाई व हस्ताक्षर यांवरून पाहावें.