सुपे, इंदापूर आणि पार्नेल

१८७५ च्या एप्रिलमध्ये आयर्लंडमधला एक तरुण जमीनदार ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेला. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल त्याचं नाव. पुढच्याच महिन्यात, १२ मे रोजी, आपल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि कर्जरोखे जाळले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

पार्नेल १८४६ साली विक्लो परगण्यात जन्मला. घराणं प्रोटेस्टंट, जमीनदारांचं. कुळं बहुतेक कॅथलिक. १८७९ मध्ये ‘लँड लीग’ स्थापन झाली आणि हा जमीनदारच तिचा अध्यक्ष झाला. कुळाला काढून ती जमीन जो घेईल त्याला वाळीत टाका, असं त्यानं १८८० मध्ये जाहीर सभेत सांगितलं. त्याच वर्षी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर तो प्रयोग झाला आणि इंग्रजीला एक नवा शब्द मिळाला. गंमत बघा, शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं हेच हत्यार सावकारावर त्याआधी, १८७४ च्या अखेरीस, चालवलं होतं!

मग फरक कुठे पडला? आयर्लंडात खंड घेणारा मालक डोळ्यांसमोर होता. आपल्याकडे रयतवारी. तिची पद्धतशीर मोजणी आणि आकारणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरातूनच बसवली. म्हणजे सारा घेणारं सरकार हेच एका अर्थानं जमीनदार. पण सरकार दिसत नाही, सावकार दिसतो. १८६५ नंतर कापसाचे भाव कोसळले, १८६७ पासून इंदापूरपासूनच साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि राग निघाला तो चोपडीवर.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला, कर्जापायी होणारी अटक थांबली. सावकाराला लगाम बसला. साऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आयर्लंडात १८८१ च्या कायद्यानं रास्त खंड ठरवणारं न्यायालय आलं, कारण तिथे खंडाचाच प्रश्न ऐरणीवर आणणारी संघटना उभी होती.

पार्नेलला देव करू नका. त्याची स्वतःची जमीन गहाण होती. १८८३ मध्ये लोकवर्गणीतून त्याला मोठी रक्कम मिळाली. १८९० च्या घटस्फोट खटल्यात त्याचं नाव आलं, पक्ष फुटला आणि पुढच्या वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. पण स्वतःच्या वर्गाचं हित बाजूला ठेवून कुळांच्या बाजूनं तो पार्लमेंटात बोलला. सुप्याच्या शेतकऱ्याला मतच नव्हतं. त्याच्या वतीनं तिथे बोलणार कोण? हातात उरली ती काडेपेटी. दंगा म्हणून त्याला नावं ठेवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.