निकालाच्या दिवशी साइट का अडते? सर्व्हरची 'पीक बँडविड्थ' मोजतात तरी कशी

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि दोन मिनिटांत गावातल्या नेट सेंटरवर गोल चक्र फिरत बसतं. पोरं म्हणतात, "सर्व्हर डाऊन आहे." पुष्कळदा सर्व्हर चालू असतो, त्याची लाइन तुंबलेली असते.

पवईच्या आयआयटी मुंबईकडे २०२२ साली जेईई अॅडव्हान्स्डची जबाबदारी होती. ११ सप्टेंबरला निकाल लागला. परीक्षा दिलेली पोरंच सुमारे दीड लाख, त्यात आई-बाप आणि क्लासवाले वेगळे. अशा दिवसाच्या तयारीला महिन्याचा एकूण डेटा बघून भागत नाही. ऐन गर्दीत सेकंदाला किती डेटा गेला, तो आकडा लागतो. त्यालाच पीक बँडविड्थ म्हणतात. विहिरीतून महिन्याभरात किती पाणी उपसलं हे एक, आणि दोन्ही मोटरा सुरू असताना पाइप किती धार पेलतो हे दुसरं, तसंच हे.

ढोबळ हिशेब करू. १ गिगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट, कारण ८ बिटांचा १ बाइट. (इथंच बरेच जण चुकतात.) निकालाचं पान अर्ध्या एमबीचं धरलं तर सेकंदाला २५० पानं. दीड लाख पोरांनी एकेकदाच पाहिलं तरी १० मिनिटं लाइन फुल्ल. प्रत्येकानं तीनदा रिफ्रेश मारलं की अर्धा तास गेला.

मोजायचं कसं? सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात आलेल्या आणि गेलेल्या बाइटचा मोजणारा काटा असतो, लाइट मीटरसारखा. दोन रीडिंगची वजाबाकी करायची, मधल्या सेकंदांनी भागायचं, ८ नं गुणायचं, झाला वेग. लिनक्सवर 'सार' आणि 'व्हीएनस्टॅट' ही मोफत साधनं हेच करतात. येणारा आणि जाणारा डेटा वेगळा बघावा. निकालात जाणाराच जास्त असतो.

खरी मेख रीडिंग किती वेळानं घेता यात आहे. 'एमआरटीजी' हे जुनं साधन दर ५ मिनिटांनी रीडिंग घेतं. समजा १ मिनिट लाइन १००० मेगाबिटवर भरली आणि पुढची ४ मिनिटं १०० वर राहिली. सरासरी निघते २८०. आलेखात सगळं आलबेल, आणि लोक तर ओरडतायत! म्हणून मोठ्या दिवशी दर सेकंदाला रीडिंग घ्यावं.

आणखी एक गोष्ट. जुना ३२ बिटांचा काटा १ गिगाबिटच्या भरलेल्या लाइनवर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. मग ५ मिनिटांचं रीडिंग खोटंच. ६४ बिटांचा काटा वापरतात तो यासाठी.

बिलाची तऱ्हा निराळी. बऱ्याच डेटा सेंटरांत ३० दिवसांची ५-५ मिनिटांची ८६४० रीडिंगं उतरत्या क्रमानं लावतात, वरची ५ टक्के, म्हणजे ४३२, सोडून देतात आणि त्याखालच्या आकड्यावर बिल काढतात. ४३२ रीडिंगं म्हणजे ३६ तास. निकालाची गर्दी त्याआधीच ओसरते, त्यामुळे ती बिलात दिसतच नाही. बिल बघून लाइन घेणारा पुढच्या निकालाला पुन्हा अडकतो.