मंद्र नादाची साधने

उज्जयिनीस क्षिप्रेच्या तीरावर रामघाट आहे. वनवासात असता प्रभू रामचंद्रांनी येथे पिता दशरथाचे श्राद्ध केले, अशी लोकश्रद्धा आहे. सायंकाळी क्षिप्रेची आरती होते, तेव्हा दीपांच्या तेजाकडे सर्वांचे डोळे लागतात. कानांनी काय ऐकले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. घंटा आणि झांज यांचा नाद तीक्ष्ण असतो व तो थेट कानात शिरतो. नगाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा ठोका कानापेक्षा छातीला अधिक कळतो, आणि मनुष्य पायऱ्या चढून गल्लीच्या वळणाआड गेला तरी तो त्याची पाठ सोडत नाही. ध्वनिशास्त्र याचे कारण सांगते ते असे, की खालच्या स्वराच्या लहरी लांबलचक असतात. त्या भिंतींना वळसा घालून जातात आणि हवेत लवकर विरत नाहीत.

या मंद्र नादाचा मोह उज्जयिनीला फार जुना आहे. ‘मेघदूता’त कालिदासाने मेघाला वाट वाकडी करून या नगरीस जावयास सांगितले आहे. तेथे महाकाळाच्या मंदिरापाशी सूर्यास्तापर्यंत थांबावे आणि संध्यापूजेत पटहाचे, म्हणजे नगाऱ्यासारख्या वाद्याचे, काम आपल्या गर्जनेने करावे, असा यक्षाचा आग्रह आहे. त्या गर्जनेला कवीने ‘आमंद्र’ हे विशेषण योजले आहे. देवपूजेस केवळ मोठा आवाज नको, खोल आवाज हवा, ही जाण त्या एका शब्दात आहे. (ज्या महाकाळाच्या पुढे हा मेघ गर्जावयाचा, त्याचे सध्याचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारले, हे मराठी वाचकास स्मरत असेलच.)

परंतु मेघ काही बोलावल्या वेळी येत नाही. म्हणून मनुष्याने मंद्र नादासाठी साधने शोधली, आणि त्या शोधाचा पहिला लेखी पुरावा भरताच्या नाट्यशास्त्रात मिळतो. सरोवरातील कमलपत्रांवर पावसाचे थेंब पडताना जे लहानमोठे ध्वनी उमटले, ते ऐकून स्वाती मुनींना पुष्कर वाद्यांची कल्पना सुचली, अशी कथा तेथे आहे. कथेपेक्षाही मोलाची आहे ती त्यापुढची कृती. वाद्याचा स्वर उतरविण्यासाठी चामड्यावर माती थापावी असे भरत सांगतो. कोणती माती नको, हेही तो सांगतो: वाळूमिश्रित नको, खारी नको. नदीकाठची काळी, मऊ माती उत्तम. क्षिप्राकाठच्या माणसास याहून जवळचे साहित्य कोणते असणार! पडद्यावर वजन वाढले की तो सावकाश कंप पावतो, आणि सावकाश कंप म्हणजेच खालचा स्वर. एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे.

पुढे मातीची जागा पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओल्या कणकेने घेतली. उज्जयिनीहून जेमतेम चौदा-पंधरा कोसांवर असलेल्या इंदुरात, होळकरांच्या आश्रयास, एकोणिसाव्या शतकात नाना पानसे या महाराष्ट्रीय पखवाजियाने स्वतःची अशी वादनपरंपरा निर्माण केली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मैफलीपूर्वी कणीक किती लावावी आणि किती खरवडून काढावी, हा पखवाजियाच्या हाताचा निर्णय. तबल्याच्या डग्ग्यावर शाई कायमची बसली आणि मनगटाच्या दाबाने स्वर वरखाली सरकविण्याची कला आली. तंबोऱ्याचा खरज हा याच घराण्यातला. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा घोडीवरचा दोरा केसभर सरकला की त्याच तारेतून निराळ्या उपस्वरांचा झंकार उठतो. तार तीच, स्वर तोच, मात्र त्याचा रंग बदलतो. ही जवारीची गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढे विजेच्या यंत्राने नेमके हेच काम एका गोल खुंटीकडे सोपविले.

विजेने स्वर निर्माण करणारे असे एक यंत्र अहमदाबादेस आले. तेथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी पुढील दोन-तीन वर्षे त्यावर प्रयोग केले. ते यंत्र म्हणजे तारांच्या जंजाळाने भरलेले कपाटच होते. संस्थेस ते शोभले, घरात मावणारे नव्हते. घरात मावणारे यंत्र आणावयास जपानच लागला.

ओसाकाच्या रोलँड कंपनीने १९८१ अखेर ‘टीबी-३०३’ नावाची एक रुपेरी पेटी बाजारात आणली. ताडाओ किकुमोटो हे तिचे रचनाकार. घरी एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्यास साथीला बेस गिटार मिळावी, एवढाच तिचा माफक हेतू. पेटी हातात धरता येईल एवढी, विजेच्या घटांवरही चालणारी. आत एकच स्वरजनक. तो करवती किंवा चौकोनी आकाराची लहर काढतो. त्यापुढे गाळणी. करवती लहरीत मूळ स्वराबरोबर सगळे उपस्वर ठासून भरलेले असतात. गाळणीची खुंटी फिरविली की वरचे उपस्वर कापले जातात, आणि दुसऱ्या एका खुंटीने कापाच्या सीमेवरचा उपस्वर टोचून वर काढता येतो. जवारीचा दोरा तो हाच. शिवाय सोळा घरांची स्वरमाला पेटी लक्षात ठेवते. एखाद्या स्वरावर जोर देता येतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते.

पेटी बेस गिटारसारखी मुळीच वाजेना. त्यात स्वर एका खेपेस भरावयाचे आणि त्यांचे काल दुसऱ्या खेपेस, अशी किचकट रीत. गिऱ्हाईक फिरकले नाही. सुमारे दहा हजार नग निघाले आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले.

याच पेटीची मुंबईस घडलेली कथा मात्र नोंद करण्याजोगी आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातले जुने जाणते वादक. बेस गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड ही त्यांची वाद्ये. त्यांनी सिंगापुरास ही पेटी घेतली. तिच्या जोडीस रोलँडचेच ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आणि ‘ज्युपिटर-८’ हा मोठा सिंथेसायझर होता. चित्रपटांत तेव्हा डिस्कोचे वारे वाहत होते. तबला बाजूस ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर शुद्ध राग वाजवून पाहावे, असे त्यांना वाटले. घरीच त्यांनी या यंत्रांचा मेळ घालून सराव केला, आणि जमते आहे असे दिसल्यावर ध्वनिमुद्रण केले. १९८२ साली एचएमव्हीने काढलेल्या त्या तबकडीवर दहा राग आहेत. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस यांच्या पंगतीत मेघमल्हारही आहे. कालिदासाच्या मेघाला एका अर्थी मुंबईत पुन्हा नोकरी लागली!

तबकडी खपली नाही. दोन दशकांनंतर, २००२ च्या सुमारास, एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. दरम्यान शिकागोच्या तरुणांनी ही टाकाऊ पेटी जुन्या बाजारातून स्वस्तात उचलून १९८७ साली ‘ॲसिड हाउस’ नावाचा संगीतप्रकार गाजविला होता. साहजिकच, हा प्रकार मुंबईत आधी जन्मला अशी आरोळी उठली. त्यात तथ्य थोडे, अभिमान फार. शिकागोच्या मंडळींना ती तबकडी ठाऊक नव्हती. एका ठिकाणी उगवलेले बीज दुसरीकडे पडलेच नाही. खरे महत्त्व निराळे आहे. पेटीतली ती घसर पाहताच सिंग यांना तीत मींड दिसली. पाश्चात्त्य गिऱ्हाइकांना जो दोष वाटला, तो रागाच्या कानाला गुण ठरला. वार्धक्यात त्यांना युरोपात वादनाची निमंत्रणे आली आणि २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या तरुणासमोर याच पेटीची वंशावळ उभी असते. मूळ पेटी संग्राहकांच्या हौसेमुळे भारी महाग झाली. तिच्या धर्तीवर रोलँडने २०१६ मध्ये ‘टीबी-०३’ काढली, पण तीत लहर खऱ्या मंडलाने न काढता गणिताने काढली आहे. बेरिंजरची ‘टीडी-३’ २०१९ ची. तीत जुन्या धर्तीचे ॲनालॉग मंडल आहे. कोर्गच्या ‘व्होल्का बेस’ने २०१३ मध्ये छोट्याशा पेटीत तीन स्वरजनक बसविले. मूगचा ‘मिनिटॉर’ २०१२ चा. पायांनी वाजवावयाच्या जुन्या ‘टॉरस’चे ते धाकटे भावंड.

यांतून निवड कशी करावी? बहुतेक जण किंमत आणि कीर्ती पाहतात. आपल्या संगीतासाठी पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे घसर. ३०३ ची घसर ठराविक वेळेची आहे. दोन स्वरांत अंतर किती का असेना, ती तेवढ्याच क्षणात संपते. डग्ग्यावरचे मनगट असे कधी वागत नाही. घसरीचा वेळ खुंटीने कमीजास्त करता येण्याची सोय मिनिटॉरमध्ये आहे, आणि मींडेच्या दृष्टीने ती तीन स्वरजनकांहून अधिक मोलाची. दुसरी गोष्ट षड्जाची. गायकाचा षड्ज पट्टीच्या बरोबर मधोमध सापडेलच असे नाही; म्हणून स्वर थोडा वरखाली करणारी खुंटी यंत्रावर असलीच पाहिजे. ॲनालॉग यंत्र उष्णतेने स्वर सोडते, हेही विसरू नये. माळव्यातील वैशाखात तंबोरा जसा पुनःपुन्हा मिळवावा लागतो, तसाच हाही. चालू करून काही वेळ तापू द्यावा आणि मगच षड्ज मिळवावा.

तिसरी गोष्ट खोलीची, आणि तिचा विचार सर्वांत कमी होतो. खालची पांढरी सहा सेकंदास ५५ आंदोलने घेते; तिची लहर सुमारे साडेवीस फूट लांब. दहा-सव्वादहा फुटांच्या खोलीत या लहरीचा बरोबर अर्धा भाग मावतो आणि भिंतींमध्ये ती अडकून घुमू लागते. भिंतीजवळ बसलेल्यास तो स्वर प्रचंड वाटतो, खोलीच्या मध्यभागी बसलेल्यास जवळजवळ ऐकूच येत नाही. शेजारचा स्वर मात्र दोघांनाही ठीक. यंत्र सदोष आहे असे समजून ते विकून टाकणारे कमी नाहीत. वास्तविक दोष खोलीचा. दोन ठिकाणी बसून ऐकावे, कानावरचे श्रवणयंत्र लावून ताडून पाहावे, मग बोल लावावा.

आणखी एक गंमत कानाची आहे. लहान ध्वनिक्षेपकातून ५५ आंदोलनांचा स्वर बाहेर पडतच नाही. पण त्याचे उपस्वर पोहोचले, की कान त्यांवरून मूळ स्वर मनाने भरून काढतो. म्हणून करवती लहरीचा खरज मोबाइलच्या चिमुकल्या पडद्याआडूनही कळतो आणि उपस्वरहीन, गोल लहरीचा खरज तेथे बुडून जातो. गाळणी फार मिटली की घरी गोड लागणारा नाद श्रोत्याच्या हाती पोहोचतच नाही. म्हणून खुंटी कोठे थांबवावी हे ठरविताना घरच्या ध्वनिक्षेपकाबरोबर श्रोत्याचा मोबाइलही ऐकून पाहावा लागतो. पखवाजियाही सभागृह पाहूनच कणीक कमीजास्त करीत असे.