एका ग्रहाचं वजन ठरायला पाच वर्षं का लागली?

बाह्यग्रहाची घनता हे दोन वेगळ्या मोजमापांचं लग्न असतं. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती घटतो, त्यावरून त्रिज्या मिळते. ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो, त्यावरून वस्तुमान. यातली एक बाजू डळमळली की घनताही डळमळते.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कोरो-७बी. फ्रान्सच्या पुढाकाराने २००६ साली सोडलेल्या कोरो दुर्बिणीला हा ग्रह सापडला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तो जाहीर झाला. त्याचं वर्ष फक्त सुमारे २०.५ तासांचं! त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे १.६ पट. मग चिलीतल्या ला सिला वेधशाळेतल्या हार्प्स वर्णपटमापकाने ताऱ्याचा वेग मोजला. डिडिए केलोझ यांच्या गटाने वस्तुमान काढलं ४.८ पृथ्वी, घनता ५.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. म्हणजे जवळपास पृथ्वीइतकीच. खडकाळ बाह्यग्रहाचा हा पहिला ठोस पुरावा मानला गेला.

पण अडचण ताऱ्यातच होती. हा तारा डागांनी भरलेला, आणि सुमारे २३ दिवसांत स्वतःभोवती फिरणारा. ग्रहामुळे येणारा डोल सेकंदाला साधारण साडेतीन मीटर. डागांमुळे दिसणारा खोटा डोल त्याहून कितीतरी मोठा. तोच डेटा घेऊन वेगवेगळ्या गटांनी डाग वेगवेगळ्या पद्धतींनी वजा केले आणि वस्तुमान २ पासून ८ पृथ्वींपर्यंत आलं. २ धरलं तर ग्रहात पाण्याचा वाटा मोठा असू शकतो. ८ धरलं तर तो लोखंडाने ठासलेला. एकच ग्रह, दोन टोकाच्या गोष्टी!

नुसतं गणित बदलून हा वाद मिटणार नव्हता. म्हणून जानेवारी २०१२ मध्ये नवी निरीक्षणं झाली: सलग २६ रात्री हार्प्सने वेग मोजला आणि त्याच वेळी कोरोने ताऱ्याची तेजस्विता. डाग प्रकाशातही दिसतात, ग्रहाचा डोल मात्र दिसत नाही. त्यामुळे प्रकाशावरून डागांची चाल शिकून ती वेगातून वेगळी काढता आली. २०१४ मध्ये हेवूड आणि सहकाऱ्यांचं उत्तर आलं: ४.७३ ± ०.९५ पृथ्वी, घनता ६.६१ ± १.७२. आधी सुचवलेला नऊ दिवसांचा तिसरा ग्रह मात्र डागांचाच खेळ वाटला.

संशोधनाची तयारी करताना एवढं लक्षात ठेवा: आकडा वाचाल तेव्हा त्याच्या शेजारचं ± चिन्हही वाचा. आणि विचारा, यातून नेमकं काय वजा केलंय?