एअर ट्रेनिंग कोअर

एअर ट्रेनिंग कोअर (लघुरूप: एटीसी) ही युनायटेड किंग्डममधील, रॉयल एअर फोर्सशी संलग्न असलेली युवक संघटना आहे. तिची स्थापना ५ फेब्रुवारी १९४१ रोजी राजसनदेद्वारे झाली. साधारण १२ ते २० वर्षे वयोगटातील मुलामुलींना विमानविद्या, कवायत, नेमबाजी, गिर्यारोहण, प्रथमोपचार आणि नेतृत्व यांचे प्रशिक्षण येथे दिले जाते. संघटनेचे मुख्यालय लिंकनशायरमधील क्रॅनवेल येथील हवाई तळावर आहे. तिचे ब्रीदवाक्य 'व्हेंचर ॲडव्हेंचर' असे आहे. शाळांमधून चालणाऱ्या कम्बाइन्ड कॅडेट फोर्सच्या हवाई शाखेसह ती 'रॉयल एअर फोर्स एअर कॅडेट्स' या छत्राखाली येते.

गणवेश, पदनामे आणि शिस्त लष्करी असली तरी एटीसी हा सैन्यदलाचा भाग नाही. कॅडेटांवर पुढे सैन्यात भरती होण्याचे कोणतेही बंधन नसते. संघटनेची ९०० हून अधिक स्क्वॉड्रन्स देशभरातील शहरांत व गावांत आहेत आणि त्यांचा दैनंदिन कारभार प्रामुख्याने स्वयंसेवक पाहतात. यांत शिक्षक, अभियंते, परिचारिका, दुकानदार, निवृत्त सैनिक आणि एकेकाळी स्वतः कॅडेट असलेले तरुण असतात. आपापली नोकरी सांभाळून ते आठवड्यातील दोन संध्याकाळी स्क्वॉड्रनला देतात.

इतिहास

या संघटनेचे मूळ १९३८ साली स्थापन झालेल्या एअर डिफेन्स कॅडेट कोअरमध्ये आहे. निवृत्त एअर कमोडोर जॉन ॲड्रियन शॅमिए हे तिचे प्रवर्तक होते. शॅमिए यांची सैनिकी कारकीर्द ब्रिटिश भारतीय लष्करात सुरू झाली होती; तेथून ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये आणि पुढे रॉयल एअर फोर्समध्ये गेले. निवृत्तीनंतर हवाई सामर्थ्याचा प्रचार करणाऱ्या एअर लीग या संस्थेचे काम पाहत असताना, येऊ घातलेल्या युद्धात प्रशिक्षित वैमानिक व तंत्रज्ञ अपुरे पडतील हे त्यांच्या ध्यानात आले. ब्रिटनमधील हवाई कॅडेट चळवळीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

शासनाने आदेश काढून ही स्क्वॉड्रन्स उभी केली नव्हती. एखाद्या शहरातील प्रतिष्ठित नागरिकांनी एकत्र यावे, समिती नेमावी, पैसा उभारावा, जागा शोधावी आणि मगच स्क्वॉड्रन सुरू व्हावे, अशी पद्धत होती. पहिले स्क्वॉड्रन लेस्टर शहराचे. आरंभीच्या ५० स्क्वॉड्रन्सना आपल्या क्रमांकापुढे संस्थापकत्वाचे निदर्शक असे 'एफ' हे अक्षर लावण्याचा मान आहे, आणि तो आजही जपला जातो. स्थानिक समितीने पैसा उभारायचा व स्वयंसेवकांनी प्रशिक्षण द्यायचे, ही १९३८ सालची विभागणी पुढील सर्व स्थित्यंतरांत टिकून राहिली.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर प्रशिक्षक सैन्यात गेले आणि अनेक इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. तरीही कॅडेट हवाई तळांवर निरोप पोहोचवणे, कारकुनी कामे करणे, वाळूची पोती भरणे, विमाने हलवण्यास मदत करणे अशी कामे करीत राहिले. त्यांची उपयुक्तता पटल्यावर शासनाने ही चळवळ आपल्या अखत्यारीत घेतली व १९४१ मध्ये एअर ट्रेनिंग कोअर अस्तित्वात आली. राजे सहावे जॉर्ज हे तिचे पहिले एअर कमोडोर-इन-चीफ होते. पहिल्याच महिन्यात स्क्वॉड्रन्सची संख्या ४०० च्या वर गेली. गणित, नौकानयनाप्रमाणेच हवाई दिशाशोधन, मोर्स संकेत आणि विमाने ओळखणे हे त्या काळच्या संध्यावर्गांचे विषय होते. युद्धाच्या अखेरीस वैमानिकांची गरज घटली आणि उड्डाणाची स्वप्ने पाहणाऱ्या कित्येक तरुणांची रवानगी भूदलात झाली.

युद्धोत्तर काळात संघटनेचा भर भरतीपूर्व प्रशिक्षणावरून नागरिकत्व आणि व्यक्तिमत्त्व विकासाकडे सरकला. प्रिन्स फिलिप हे १९५३ पासून २०१५ पर्यंत एअर कमोडोर-इन-चीफ होते. डिसेंबर २०१५ मध्ये केंब्रिजच्या डचेस कॅथरीन यांनी मानद एअर कमांडंट या नात्याने त्यांच्याकडून सूत्रे स्वीकारली. मुलींना संघटनेत प्रवेश १९८० च्या दशकात मिळाला.

रचना

क्रॅनवेल येथील मुख्यालयाच्या खाली विभाग, विभागांच्या खाली विंग आणि विंगच्या खाली स्क्वॉड्रन्स अशी उतरंड आहे. संघटनेचे दीर्घकाळ सहा विभाग होते. मुख्यालयात व विभाग पातळीवर पूर्णवेळ वेतन घेणारे अधिकारी असतात. विंगचा प्रमुख मात्र स्वयंसेवक असतो व त्याच्या मदतीला मोजके वेतनधारी कर्मचारी दिलेले असतात. स्क्वॉड्रनच्या पातळीवर वेतनधारी कोणी नसतो. त्यामुळे वरून येणारा प्रत्येक नवा नियम, अर्ज आणि अहवाल अंतिमतः दिवसभर दुसरीकडे नोकरी करून आलेल्या माणसाच्या टेबलावर येऊन पडतो. संघटनेच्या कारभारातील बहुतेक ताणांचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

स्क्वॉड्रनचा प्रमुख सामान्यतः फ्लाइट लेफ्टनंट दर्जाचा असतो. त्याच्या हाताखाली ॲडज्युटंट (पत्रव्यवहार व नोंदी), प्रशिक्षण अधिकारी, भांडार सांभाळणारा अधिकारी, कवायतीची जबाबदारी असलेले वॉरंट ऑफिसर व सार्जंट, तसेच गणवेश न घालणारे नागरी प्रशिक्षक असतात. नकाशावाचन किंवा रेडिओ संपर्क यांसारख्या एखाद्या विषयात गती असलेल्या, परंतु लष्करी पदाची हौस नसलेल्या व्यक्तीसाठी नागरी प्रशिक्षकाचा मार्ग सोयीचा ठरतो. बहुतेक स्क्वॉड्रन्सना धर्मगुरूही लाभलेला असतो. छोट्या गावांत पूर्ण स्क्वॉड्रन चालवण्याइतके कॅडेट नसल्यास 'डिटॅच्ड फ्लाइट' या नावाने लहान पथक चालवले जाते.

अधिकाऱ्यांना पूर्वी रॉयल एअर फोर्स व्हॉलंटिअर रिझर्व्हच्या प्रशिक्षण शाखेत कमिशन मिळत असे. २०१७ पासून त्याऐवजी 'कॅडेट फोर्सेस कमिशन' देण्यात येते. या बदलामुळे कॅडेट संघटनांचे अधिकारी हे सैन्यदलांचे सदस्य नाहीत ही बाब निःसंदिग्ध झाली. हवाई दलाच्या नावाशी असलेले जुने नाते तुटल्याची भावना मात्र बऱ्याच जुन्या अधिकाऱ्यांच्या मनात राहिली.

आर्थिक व्यवस्था व नागरी समिती

स्क्वॉड्रनचा पैसा दोन वाटांनी येतो आणि तो काटेकोरपणे वेगळा ठेवला जातो. गणवेश, शस्त्रे, उड्डाणे, अधिकृत प्रशिक्षण आणि इमारत यांचा भार संरक्षण मंत्रालय उचलते. इमारतींची देखभाल रिझर्व्ह फोर्सेस अँड कॅडेट्स असोसिएशन ही यंत्रणा पाहते. हा सार्वजनिक निधी होय. मिनीबस, तंबू, वाद्यवृंदाची वाद्ये, सहलींसाठीचे अर्थसाहाय्य यांसारख्या गोष्टी मात्र बिगर-सार्वजनिक निधीतून येतात. हा निधी कॅडेटांची वर्गणी, देणग्या आणि स्थानिक उपक्रमांतून जमतो. सुपरमार्केटमध्ये ग्राहकांच्या पिशव्या भरून देऊन देणगीचा डबा पुढे करणारे निळ्या गणवेशातील कॅडेट हे ब्रिटिश गावांमधील परिचित दृश्य आहे.

या दुसऱ्या निधीवर स्क्वॉड्रनच्या प्रमुखाची सत्ता नसते. तो पालक आणि स्थानिक रहिवाशांमधून निवडलेल्या नागरी समितीच्या हाती असतो. समितीला अध्यक्ष, सचिव व खजिनदार असतात. तिचे स्वरूप धर्मादाय असल्याने जमाखर्चाची वार्षिक तपासणी करून घ्यावी लागते. खर्चाची गरज प्रमुखाने मांडायची आणि मंजुरी समितीने द्यायची, या रचनेमुळे पैशाच्या व्यवहारात एकाच व्यक्तीकडे सर्व अधिकार एकवटत नाहीत. याचा दुसरा परिणाम असा की समिती निष्क्रिय झाली तर उत्तम प्रशिक्षक असलेले स्क्वॉड्रनही लंगडे पडते. मूल कोअरमधून बाहेर पडले की पालकही समितीतून जातात. त्यामुळे खजिनदार मिळवणे हे अनेक स्क्वॉड्रन्सपुढचे नेहमीचे कोडे असते. ज्या कॅडेटांच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्यांची वर्गणी माफ करणे किंवा शिबिराचा खर्च उचलणे हेही समितीचेच काम आहे, आणि ते गाजावाजा न करता पार पाडावे असा संकेत आहे.

स्वयंसेवकांची निवड आणि मोबदला

स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक प्रौढाची गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासली जाते आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याविना त्याच्यावर कॅडेटांची जबाबदारी सोपवली जात नाही. हे प्रशिक्षण ठराविक काळाने पुन्हा घ्यावे लागते. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेले कॅडेट 'स्टाफ कॅडेट' गणले जातात. त्यांनाही हे नियम लागू होतात, कारण कायद्याच्या दृष्टीने ते प्रौढ असून १२-१३ वर्षांच्या मुलांसोबत वावरत असतात. अधिकारीपदासाठी स्वतंत्र निवडप्रक्रिया आणि क्रॅनवेल येथील अल्पकालीन प्रशिक्षणवर्ग असतो.

गणवेशधारी स्वयंसेवकांना शिबिरे व अभ्यासवर्ग यांसाठी वर्षातून मर्यादित दिवसांचा भत्ता मागता येतो. ही मर्यादा साधारणतः २८ दिवसांची असते. आठवड्याच्या नियमित संध्याकाळी, घरी बसून केलेली कागदपत्रे, जोखीम-मूल्यमापनाचे तक्ते आणि पालकांशी केलेला पत्रव्यवहार यांचा मोबदला मिळत नाही. अनेक जण भत्त्याचा हक्क असूनही तो घेत नाहीत किंवा स्क्वॉड्रनला देऊन टाकतात.

कॅडेटांची संख्या ३० च्या खाली घसरून तशीच राहिल्यास स्क्वॉड्रनच्या दर्जाचा प्रश्न उपस्थित होतो. व्यवहारात मात्र स्क्वॉड्रन बंद पडण्याचे कारण मुलांच्या अभावापेक्षा प्रौढांच्या अभावात अधिक वेळा असते. पुरेसे प्रौढ हजर नसतील तर ती संध्याकाळ रद्द करावी लागते. प्रवेशासाठी मुले प्रतीक्षायादीत असतानाही नवी भरती थांबवावी लागते.

प्रशिक्षण

नियमित संध्याकाळ हजेरी व गणवेश तपासणीने सुरू होते. मग वर्ग भरतात आणि शेवटी पुन्हा रांगा लावून सूचना दिल्या जातात. वर्गवारीनुसार कॅडेट फर्स्ट क्लास, लीडिंग, सीनियर आणि मास्टर अशा पायऱ्या चढत जातो. उड्डाणाची तत्त्वे, हवाई दिशाशोधन, इंजिने, हवामान आणि हवाई दलाचा इतिहास हे त्यातील विषय आहेत. पदोन्नतीची साखळी वेगळी आहे: कॅडेट कॉर्पोरल, सार्जंट, फ्लाइट सार्जंट आणि कॅडेट वॉरंट ऑफिसर. लहान कॅडेटांना शिकवण्याचे बरेचसे काम हेच मोठे कॅडेट करतात. प्रौढांच्या तुटवड्यावरचा तो उपाय असला तरी त्यातून मिळणारा अनुभव हाच या प्रशिक्षणाचा सर्वांत मौल्यवान भाग मानला जातो. याखेरीज ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार, हवाई तळांवरील वार्षिक शिबिरे आणि नेदरलँड्समधील नायमेखन येथील पदयात्रा हे उपक्रम असतात.

उड्डाण आणि सुरक्षितता

प्रत्यक्ष उड्डाण हे संघटनेचे मुख्य आकर्षण. एअर एक्स्पीरियन्स फ्लाइट या नावाची पथके कॅडेटांना प्रशिक्षण विमानातून हवेत नेतात. १९५८ पासून अनेक दशके यासाठी चिपमंक विमान वापरले गेले. पुढे बुलडॉग आणि त्यानंतर ग्रोब ट्युटर आले. वैमानिक बहुधा हवाई दलातील आजी-माजी अधिकारी असतात. ग्लायडर उड्डाणासाठी स्वयंसेवकांनी चालवलेली स्वतंत्र व्हॉलंटिअर ग्लायडिंग स्क्वॉड्रन्स आहेत. येथे १६ वर्षांचा कॅडेट मोटार चालवण्याचा परवाना मिळण्याआधी एकट्याने ग्लायडर उडवू शकतो.

२००९ साली या उपक्रमावर दोन मोठे आघात झाले. ११ फेब्रुवारी रोजी दक्षिण वेल्समधील पोर्थकॉलजवळ दोन ट्युटर विमानांची हवेत टक्कर होऊन दोन वैमानिक व दोन किशोरवयीन मुली मृत्युमुखी पडल्या. १४ जून रोजी ऑक्सफर्डशायरमध्ये ट्युटर आणि एका ग्लायडरची टक्कर झाली व त्यात ट्युटरमधील वैमानिक व कॅडेट दोघेही दगावले. त्यानंतर ट्युटर विमानांवर जवळ येणाऱ्या विमानाची सूचना देणारी यंत्रणा बसवण्यात आली.

एप्रिल २०१४ मध्ये ग्लायडरांच्या उड्डाणयोग्यतेविषयी खात्री देता येत नसल्याने सर्व ग्लायडर उड्डाणे थांबवण्यात आली. हा विराम अल्पकाळाचा असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो कित्येक कॅडेटांच्या संपूर्ण सदस्यत्वाहून लांब ठरला. मार्च २०१६ मध्ये पुनर्रचनेची घोषणा होऊन अनेक ग्लायडिंग स्क्वॉड्रन्स बंद करण्यात आली. व्हायकिंग ग्लायडर टप्प्याटप्प्याने सेवेत परतले, परंतु इंजिन असलेले व्हिजिलंट २०१८ मध्ये कायमचे निवृत्त झाले. वर्षानुवर्षे शनिवार-रविवार देऊन प्रशिक्षक बनलेल्या स्वयंसेवकांना या काळात कामच उरले नाही, आणि त्यांतील बऱ्याच जणांचा अनुभव संघटनेला कायमचा मुकावा लागला. मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे समोरासमोरचे सर्व उपक्रम थांबले, तेव्हा स्क्वॉड्रन्सनी वर्ग संगणकाच्या पडद्यावर नेले.

भारतातील समांतर व्यवस्था

भारतात या संघटनेशी तुलना करता येईल अशी शाखा म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेची (एनसीसी) हवाई शाखा. राष्ट्रीय छात्र सेनेची स्थापना १९४८ साली संसदीय कायद्याने झाली. हवाई शाखेचा आरंभ १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकाता येथील प्रत्येकी एका एअर स्क्वॉड्रनने झाला. रचनेच्या दृष्टीने ती एटीसीपेक्षा ब्रिटनच्या कम्बाइन्ड कॅडेट फोर्सला अधिक जवळची आहे, कारण तिची पथके शाळा-महाविद्यालयांशी जोडलेली असतात. पथकाची जबाबदारी सहयोगी एनसीसी अधिकारी म्हणून नेमलेल्या शिक्षकाकडे असते आणि प्रशिक्षणासाठी भारतीय हवाई दलाचे कर्मचारी उपलब्ध असतात. खर्च केंद्र व राज्य सरकारे वाटून घेतात. त्यामुळे एटीसीच्या नागरी समितीसारखी, पालकांनी चालवलेली व स्वतंत्र निधी बाळगणारी यंत्रणा एनसीसीमध्ये आढळत नाही.