कुजण्याचा हिशेब : इंदूर ते नाशिक

छाटणी झाली की आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत काडीचे ढीग पडतात. कुणी काडी बारीक करून बागेतच टाकतो, कुणी बांधावर नेऊन पेटवतो. ‘कुजायला किती दिवस लागतील?’ असं विचारलं, तर उत्तर बहुधा अंदाजानंच मिळतं.

हा अंदाज हिशेबात आणण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या आग्रा रोडवरच, पुढे इंदूरला झाला. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड तिथल्या कृषिसंशोधन संस्थेचे संचालक होते. त्यांचे सहकारी यशवंत वाड हे रसायनाची बाजू सांभाळत. दोघांनी मिळून १९३१ साली पुस्तक लिहिलं. आज हॉवर्डांचं नाव सगळे घेतात, वाडांचं फारसं कुणी घेत नाही.

त्यांनी केलं काय? टणक पऱ्हाटी रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतली. मग खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर दिले. खत तीनदा पालटायचं : साधारण १६ दिवसांनी, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी. आधी बुरशी कामाला लागते, पुढचं काम जिवाणू करतात. ढिगाचं तापमान सुरुवातीला ६५ अंशांच्या आसपास चढतं आणि ९० दिवसांत उतरत ३०च्या जवळ येतं. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं काम थर्मामीटरवर वाचता येऊ लागलं!

पण इथे एक गफलत होते, बरं का. ते ९० दिवस ढिगाचे आहेत. बागेतली माती तशी तापत नाही, म्हणून तिथे दुसरं माप हवं. ते १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागलं : वाळवून तोललेला पाला जाळीच्या पिशवीत भरून ठेवायचा आणि काही महिन्यांनी उरलेला पुन्हा वाळवून तोलायचा. मोठ्या छिद्रांतून गांडुळं आत शिरतात, अगदी बारीक छिद्रांतून फक्त बुरशी आणि जिवाणू. दोन्ही पिशव्यांतल्या फरकावरून गांडुळांचा वाटा कळतो. २०१३ साली तर चहाच्या पिशव्या पुरून हेच मोजायची रीत निघाली. तिथेही मुदत साधारण ९० दिवसांचीच.

तेव्हा काडी पेटवण्याआधी आपण दोन पिशव्या पुरून बघू. जाळीचा तुकडा आणि तराजू एवढंच लागतं. आपल्या मातीत किती जीव उरलाय, ते ती स्वतःच सांगेल. राखेला मात्र काही विचारता येत नाही.